लमसेन्याची नात

१४ जून

सरकारी डायरीत मी एकवीस वर्षं एकच ओळ लिहीत आलो आहे: गस्त केली, सर्व ठीक. मी वनमजूर आहे, रेंजर साहेबांना माझ्याकडून तेवढंच पाहिजे असतं. ही वही माझी स्वतःची. दिव्याच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, ती मी मागून घेतली. इथं कोणी तपासायला येणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

तर खरं असं की दिव्याचा नीट परीक्षेचा निकाल लागला आणि तिच्या सरांचा फोन आला. आदिवासी कोट्यातून नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात सीट पक्की समजा म्हणाले. सरकारी सीट, फी माफ, हॉस्टेल मिळेल. केशोरीच्या या अंगाला गुरांचा डॉक्टर बोलवायचा तर अर्धा दिवस जातो आणि तोवर जनावर मरतं. आता डॉक्टर माझ्याच घरातून निघणार. तिची आई सत्यभामा पदर तोंडाला लावून रडली. मी रडलो नाही. खात्याच्या नर्सरीत जाऊन सकाळी पाणी घातलेल्या रोपांना पुन्हा पाणी घातलं.

सर शेवटी म्हणाले, "वैधता तेवढी लवकर करून घ्या. नुसत्या दाखल्यावर भागत नाही." म्हणजे आपण गोंड आहोत हा आपला दाखला खरा आहे, असं सांगणारा आणखी एक दाखला. सरकारचा स्वतःच्याच कागदावर विश्वास नाही, त्याला मी काय करू.

१९ जून

केशोरीच्या सेतू केंद्रात अर्ज भरला. वंशावळ लागते, तीही शपथेवर. म्हणजे दिव्या, तिचा बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, आणि त्यांच्यापैकी कोणाचा तरी पन्नास सालाआधीचा कागद, ज्यावर जमात लिहिलेली असेल. माझ्याजवळ एकच असा कागद आहे. फागू पंधरेच्या जमिनीचा. पिवळा पडला आहे, पण 'गोंड' स्वच्छ वाचता येतं.

मी सांगत गेलो, दिव्या कॉम्प्युटरवर लिहीत गेली. सगळ्यात वर फागू पंधरे. त्याचा मुलगा सुकलू पंधरे, म्हणजे माझा बाप. त्याचा मुलगा मंगरू, म्हणजे मी. दिव्याचा हात थांबला.

"बाबा, फागूआजा तर आजीचे बाबा होते ना?"

मी म्हटलं, घरातला मोठा तोच होता. तुझा आजा त्याच्याच घरात राहिला, त्याच्याच धानाच्या बांधीत राबला, तिथंच मेला. लिही.

"पन मंग आजोबाचे बाबा कोन?"

केंद्रात चार लोक होते. मी जोरात बोललो. बारावी झालीस म्हणून बापाला बाप शिकवू नको म्हटलं. तिनं खाली मान घालून लिहिलं. मी सही केली. घरी येताना ती सायकलवर मागं तोंड पलीकडं करून बसली. ऊनही फार होतं.

३ जुलै

धानाचा रोवणा सुरू झाला. सत्यभामा आणि दिव्या दिवसभर चिखलात. दिव्याला म्हटलं, तू नको येऊ, तर म्हणाली घरात बसून जीव घाबरतो.

दुपारी बांधावर बसून ती फोनवर कोणाशी तरी हळू बोलत होती. मी जवळ गेलो तशी बंद केलं. विचारलं तर म्हणाली, "दुर्गेश्वरी." असेल कोणी शाळेच्या हॉस्टेलातली. या पोरींची नावं आता सिनेमातल्यासारखी तरी नाहीत, एवढं बरं आहे.

हेमराज आला होता. माझ्या मामाचा मुलगा, भिंतीला भिंत लागून घर. म्हणाला, "दादा, तपासनीच्या ऑफिसात जायाचं असन तं माही गाडी घेऊन जा. पेट्रोल भरून ठेवलो." मी नको म्हटलं. एवढं गोड हा कशाला बोलतो ते मला कळतं. फागूआजानं मरताना दोन एकर बांधी माझ्या आईच्या नावानं करून दिली, बाकीची त्याच्या मुलाची, म्हणजे हेमराजच्या बापाची. ती दोन एकर आता माझी आहे आणि हेमराजच्या वावराला लागून आहे. मी पंधरे नाही असं कुठं कागदावर आलं, की हा पहिला तलाठ्याकडे धावेल.

२८ जुलै

पाऊस लागून आहे, काम बंद. खरं लिहायचं म्हणून वही घेतली आणि दीड महिना मीच चुकवतो आहे. तेव्हा आज लिहून टाकतो.

माझा बाप लमसेना होता. आमच्यात मुलाच्या घरी ऐपत नसली, की मुलगा मुलीच्या घरी येऊन राहतो, सासऱ्याच्या वावरात काही वर्षं राबतो, मग लग्न लागतं. त्याला लमसेना म्हणतात. माझा बाप सुकलू सयाम चोरखमाऱ्याकडून आला, सात वर्षं फागूआजाचा नांगर धरला, मग माझी आई त्याला मिळाली. तो परत गेला नाही. मला शाळेत घालायला फागूआजा गेला आणि गुरुजींनी त्याचंच आडनाव लावलं. मी पंधरे झालो तो असा.

पंगतीत बाप शेवटी बसायचा. कोणी बसवत नव्हतं, आपणच जाऊन बसायचा. शाळेत एका पोरानं मला 'लमसेन्याचा' म्हटलं, मी त्याचा दात पाडला. त्यानंतर कोणी म्हटलं नाही, पण मला पाहून लोक हळू बोलतात असं मला आजही वाटतं.

बाप मेला तेव्हा चोरखमाऱ्याहून त्याचा पुतण्या कैलाश आला. म्हणाला, आमचा माणूस आमच्या देवात मिळवायचा आहे. मेलेल्याला आपल्या कुळाच्या देवात मिळवतात, नाहीतर तो भटकत राहतो म्हणतात. मी त्याला दारातून परत पाठवलं. सांगितलं, हा पंधऱ्यांचा माणूस आहे. पंधऱ्यांच्या देवात त्याला घेता येत नाही हे मला ठाऊक होतं. सोळा वर्षं झाली. तो कुठंच मिळवलेला नाही.

आता वाटतं, हे लिहायला नको होतं. पान फाडणार होतो, पण मागच्या बाजूला दिव्यानं गाईच्या पोटाची आकृती काढली आहे.

६ सप्टेंबर

सीट लागली. नागपूरला जाऊन आलो. वैधता अजून आली नाही म्हणून हमीपत्र लिहून घेतलं: ३१ ऑक्टोबरपर्यंत आणली नाही तर प्रवेश रद्द. मी म्हटलं, दोन महिने म्हणजे पुष्कळ. दिव्या माझ्याकडे पाहत होती. तिला काही बोलायचं होतं असं वाटलं, पण मागून लोक ढकलत होते.

हॉस्टेलात तिला एक खाट आणि एक लोखंडी पेटी मिळाली. ती खाटेवर बसली, उठली, पुन्हा बसली. मी तिच्या वयाचा असताना मला तिकडं कोणी नेलं नाही, याचं आज पहिल्यांदा वाईट वाटलं.

२२ सप्टेंबर

फोन आला. गाईच्या पुढच्या पायाची सगळी हाडं नावं घेऊन सांगितली. सत्यभामा आमच्या गाईच्या पायावर हात फिरवत ऐकत होती. आम्हाला काही कळलं नाही, पण दोघांनीही दोनदा सांगायला लावलं.

९ ऑक्टोबर

वैधतेच्या चौकशीला दोन माणसं आली. एक साहेब आणि एक लिहिणारा. दिव्याला काल बोलावून घेतलं होतं. साहेब माणूस वाईट नव्हता, चहा मागून घेतला. लग्नात काय करता, मेल्यावर काय करता, देव किती मानता, सगळं विचारलं. मी फागूआजाच्या घरचे देव सांगितले. कपाळावर घाम आला होता, पण ऑक्टोबरचं ऊन कोणालाही लागतं.

सगळं नीट चाललं होतं. मग साहेब म्हणाले, शेजारचं कोणी म्हातारं माणूस असेल तर बोलवा. हेमराजची आई, माझी पुष्पामामी, काठी टेकत आलीच. तिला बोलवावं लागत नाही.

साहेबांनी विचारलं, "आजी, या मंगरूला केव्हापासून ओळखता?"

"ओळखतो म्हंजे? याची माय माही ननंद होती. फागू बुढ्याची एकुलती एक लेक. याच घरातली. माह्या मांडीवर खेळला हा."

साहेबांनी फाइल उघडली. वंशावळीवर बोट ठेवलं. मामीला पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं, उलट आणखी अभिमानानं. मग साहेब माझ्याकडे वळले.

"फागू पंधरेंचा मुलगा सुकलू, तुमचे वडील. फागू पंधरेंची मुलगी, तुमची आई. म्हणजे तुमचे आई-वडील सख्खे भाऊ-बहीण होते का?"

लिहिणाऱ्यानं लिहिणं थांबवलं. मामीला अर्धं ऐकू आलं नाही. सत्यभामा आत गेली. माझ्या आईला मरून बावीस वर्षं झाली आणि तिच्याबद्दल हे वाक्य माझ्या ओट्यावर बोललं गेलं, आणि ते मीच लिहून दिलं होतं.

मी म्हटलं, टायपिंगची चूक असेल.

दिव्या दाराला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. साहेब उठताना म्हणाले, "नोटीस येईल. खरं काय ते लिहून द्या. वडिलांकडच्या कोणाचा कागद असेल तर जोडा." जाताना त्यांनी मामीला नमस्कार केला.

१० ऑक्टोबर

दिव्या सकाळच्या गाडीनं परत गेली. मी स्टेशनवर सोडायला गेलो नाही. नर्सरीत काम होतं, असं सांगितलं. काम नव्हतं.

१६ ऑक्टोबर

नोटीस आली. पंधरा दिवसांत खुलासा द्या. मला त्यातला 'दिशाभूल' हा शब्द तेवढा दिसतो.

सत्यभामा म्हणाली, "कैलाशभाऊजीच्या घरी जा ना. त्याह्यच्याजवर सासऱ्याच्या शाळेचा कागद असन."

मी म्हटलं, ज्याला दारातून हाकललं त्याच्या दारात काय तोंड घेऊन जाऊ.

"तोंड तुमचं होय. सीट पोरीची होय." एवढं म्हणून ती विळा घेऊन निघून गेली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, माझ्याशी ती असं कधी बोलली नव्हती. मला राग आला, आणि राग आला म्हणून आज मी गेलो नाही. उद्या धान कापणीला बाया मिळाल्या आहेत, तेव्हा उद्याही जाणं होणार नाही.

२१ ऑक्टोबर

आजही गेलो नाही. कारण लिहीत नाही.

२४ ऑक्टोबर

गेलो. अर्जुनीहून गाडीत बसलो, सौंदड गेलं, गोंदिया आलं. तिथून तिरोडा, पुढं जीपमध्ये कोंबून चोरखमारा. तलावाच्या पाळीवरून चालत जाताना तीनदा परत फिरावंसं वाटलं. एकदा फिरलोही, पन्नास पावलं.

कैलाश अंगणात धान वाळवत होता. केस पांढरे झाले आहेत, नाक माझ्या बापासारखंच. मी कोण ते सांगावं लागलं नाही. त्यानं खाट टाकली आणि आत आवाज दिला, "दुर्गेश्वरी, पानी आन. तुहा काका आला."

पाणी घेऊन आलेली मुलगी दिव्याएवढीच. नाव ऐकून मी तांब्या हातात धरून बसून राहिलो.

कैलाशला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. बहुतेक सगळं एकदम सांगितलं.  त्यानं आतून पत्र्याची पेटी आणली. माझ्या आजोबाचा, खऱ्या आजोबाचा, शाळेतून नाव काढल्याचा कागद. देवाजी सयाम, गोंड, सन एकोणीसशे एकेचाळीस. मला माझ्या आजोबाचं नाव आज कळलं. त्याच्याखाली दुर्गेश्वरीची वैधता, मागच्या वर्षीची, शिक्क्यासकट.

"चुलत बहिनीची वैधता असन तं दुसरं काही लागत नाही, काका," दुर्गेश्वरी म्हणाली. "महिन्याभरात होऊन जाते. मी तं जूनातच फोटो पाठवली होती दिव्याले. तिनं शोधून काढलं मले फोनवर. तिनं दाखवली नाही का तुमाले?"

मी म्हटलं, दाखवली होती. माझ्याच लक्षात राहिलं नाही.

कैलाश फाट्यापर्यंत सोडायला आला. जीप लांबून दिसली. तेव्हा तो म्हणाला, "काकाले आमच्या देवात घेऊन जायाले येईन दिवाळीनंतर. आतातरी येऊ देजो." मी हो म्हटलं.

२५ ऑक्टोबर

दिव्याला फोन केला. विचारलं, काऊन नाही सांगितलं मले?

 म्हणाली, "दोनदा इचारलं होतं, बाबा. तुमी लोकायसमोर रागावले. मंग मले वाटलं, तुमीच सांगान. मी वाट पाहून राहिली होती."

मी म्हटलं, तू परस्पर जोडून द्यायचा होता कागद.

"जोडला असता तं तुमची शपथ खोटी पडली असती. तुमची नोकरी याच आडनावावर आहे ना?"

मी एकवीस वर्षं कायम होण्याची वाट पाहतो आहे, हे तिला माहीत आहे. अठरा वर्षांच्या पोरीनं हे सगळं डोक्यात घेऊन चिखलात रोवणा केला, आणि मी वर बांधावर उभा राहून तिला म्हणत होतो, वाकून लाव.

२७ ऑक्टोबर

नवीन शपथपत्र केलं. त्याला गावातल्या पाच पंचांचा जबाब जोडायचा होता. दिव्या आली होती. ग्रामपंचायतीत सरपंचबाई, तलाठी, दोन म्हातारे, पुष्पामामी आणि हेमराज. मी उभा राहिलो. टेबल धरलं.

सांगितलं, माझा बाप सुकलू सयाम. तो फागू पंधऱ्याचा मुलगा नव्हता. लमसेना होता.

 मला वाटलं, आता हसतील. तलाठ्यानं पेन उचलून विचारलं, "पुढे?"

"पुढं काय," एक म्हातारा म्हणाला. "हे तं साऱ्या गावाले ठावं आहे. सुकलूसारखा नांगऱ्या पुन्हा झाला नाही इथं."

मामी म्हणाली, "लय लाजरा होता गा. पंगतीत बोलवून बोलवून थकलो आमी."

हेमराजनं सही करून कागद माझ्याकडे सरकवला. मी त्याच्याकडे पाहत होतो ते त्याला कळलं असावं. हळूच म्हणाला, "दादा, आत्याचं वावर आत्याच्या पोराचं. तुमाले काय वाटत होतं?"

दहा मिनिटांत झालं. दहा मिनिटंसुद्धा नाही, कारण त्यातली चार मामीच्या अंगठ्याला शाई लावण्यात गेली. पंचेचाळीस वर्षं मी जे झाकत होतो ते झाकलेलंच नव्हतं. एकट्या मलाच ते ठाऊक नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. मी बाहेर येऊन हातपंपाजवळ ओकलो.

२८ ऑक्टोबर

हेमराजच्या गाडीवर दिव्याला घेऊन वैधता देणाऱ्या समितीच्या ऑफिसात गेलो. त्याच साहेबांनी कागद पाहिले. म्हणाले, सगळं बरोबर आहे, पण आधीचं शपथपत्र खोटं निघाल्यामुळे सुनावणी घ्यावी लागेल. तारीख नोव्हेंबरच्या वीसची. मी हात जोडले. पाया पडायला वाकलो, त्यांनी धरलं. त्यांच्याही हातात नाही म्हणाले, आणि ते खरं असावं.

३१ ऑक्टोबर

नागपूर. कॉलेजच्या खिडकीवर अकरा वाजता गेलो, चार वाजेपर्यंत बसलो. मोठ्या सरांना भेटलो. ते चांगलं बोलले. मुदत एकदा वाढवून झाली आहे, ही सीट उद्या पुढच्या फेरीत जाईल, मुलगी हुशार आहे, पुन्हा नीट देऊ द्या. पुन्हा नीट म्हणजे पुन्हा एक वर्ष, पुन्हा ते सगळं, आणि तेवढेच मार्क पडतील याची हमी कोण देणार. दिव्या सगळ्याला 'हो सर' म्हणत होती.

हॉस्टेलातून तिनं पेटी आणली. पांढरा अॅप्रन घडी करून वर ठेवला होता. तो परत करायचा असतो का, असं तिनं खिडकीवर विचारलं. नाही म्हणाले, तुमचाच आहे.

रद्द करण्याच्या अर्जावर तिनं सही केली. क्लार्क फाइल चाळत होता. वयानं माझ्याएवढा, साधा माणूस. दुर्गेश्वरीच्या कागदावर येऊन थांबला.

"चुलत बहिणीची वैधता आहे की तुमच्याकडे. हे जूनमध्येच लावलं असतं तर ऑगस्टात काम झालं असतं. का नाही लावलं?"

"कागद उशिरा सापडला, सर," दिव्या म्हणाली.

क्लार्कनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "असं झालं का?"

मी म्हटलं, हो, असंच झालं.